मुंबई घडवणाऱ्यांची आठवण: स्टेशनला नाव द्यायचं, की काम झालं तिथे गोष्ट सांगायची?

चौपाटीकर:
दर पावसाळ्यात एक बातमी येते: ‘मोडकसागर भरून वाहू लागला.’ आपण सुटकेचा श्वास सोडतो, पाणीकपात टळली म्हणून. यंदा माझ्या मुलीने ती बातमी ऐकता ऐकता विचारलं, “बाबा, मोडक कोण?” मला सांगता येईना. चाळीस वर्षं मी ते पाणी पितोय! मग शोधलं. एन. व्ही. मोडक, मुंबई महापालिकेचे अभियंता. १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या वाढीचा आराखडा अल्बर्ट मेयर यांच्यासोबत त्यांनीच मांडला होता. वैतरणेवरच्या त्या तलावाला त्यांचं नाव आहे, पण माणूस पार पुसला गेला.

हे आत्ता मांडायचं कारण मुंबई सेंट्रल. त्या स्टेशनला एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे शेट आणि समाजसुधारक नाना (जगन्नाथ) शंकरशेट यांचं नाव द्यावं ही मागणी जुनी आहे, आणि २०२४ मध्ये विधिमंडळात तसा ठरावही झाला. नानांबद्दल मला अतिशय आदर आहे. पण नुसत्या नावाने आठवण राहत नाही, असं माझं ठाम मत झालंय. शिवाय नानांचं रेल्वेचं काम जीआयपीचं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून (आजचं सीएसएमटी) ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली, ती त्यांच्यासारख्यांनी आधी काही वर्षं लावून धरलं म्हणून. मुंबई सेंट्रल १९३० चं आणि तेही बीबीसीआयचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं. तिथे नुसती पाटी बदलून काय कळणार? त्यापेक्षा बोरीबंदरला, जिथून रोज लाखो माणसं जातात, तिथे चार ओळींत नानांची गोष्ट लिहा.

गिरगावची लेक:
अजिबात पटलं नाही. तुमचंच उदाहरण घ्या. तलावाचं नाव ‘वैतरणा क्रमांक अमुक’ असतं, तर तुमच्या मुलीने प्रश्न विचारला असता का? नाव होतं म्हणून विचारलं, आणि तुम्ही शोधलंत. नावाचं काम एवढंच असतं, दार किलकिलं ठेवायचं.

माझी आजी फार शिकलेली नव्हती, पण कोणाच्या मुलाचं कौतुक करायचं तर म्हणायची, “तो काय बाई, शंकरशेट स्कॉलर!” मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला केवढा मान होता. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या सी. डी. देशमुखांनाही ती मिळाली होती. आजीला नानांचं चरित्र ठाऊक नव्हतं, पण नाव तोंडात होतं. मी मोठी झाल्यावर नाना चौकात बसची वाट बघताना एकदम डोक्यात आलं, अरे, हे तेच नाना! तिथून मी वाचत गेले. आणि स्टेशन मध्य रेल्वेचं की पश्चिमेचं हा वाद कशाला? नाना काय फक्त रेल्वेचे होते? शाळा, मुलींचं शिक्षण, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था, सगळीकडे ते आहेत.

परळचा पोरगा:
दोघांचंही वाचलं. मला खटकतं ते हे की मुंबई घडवणारे म्हटलं की आपल्याला शेटच आठवतात, फार तर इंजिनियर.

माझे वडील गिरणीत होते. आमच्या खोलीत रविवार वेगळाच असायचा. वडील दुपारपर्यंत पेपर वाचत दारात बसायचे, हातात कपबशी, आणि आम्हाला सांगून ठेवलेलं असायचं की आज कोणी घाई करायची नाही. तो रविवार कोणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेऊन साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या बघा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार वेळेवर. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. सहा वर्षं लागली! १८९७ च्या प्लेगमध्ये ते रुग्णांसाठी राबले आणि त्यातच गेले.

लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत. एखाद्याच्या दारात तरी हे लिहिलेलं दिसावं, एवढंच मागणं आहे.

माहीमवाला:
साजरं करा, पण पूर्ण सांगा. माहीमला वांद्र्याशी जोडणारा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. मी रोज त्यावरून जातो, मनापासून आभार मानतो. पण जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि त्यात अफूचा वाटा मोठा होता. जे. जे. रुग्णालयही त्याच पैशातून उभं राहिलं. चार ओळी लिहिणार असाल तर पाचवी ही हवी.

गिरगावची लेक:
@माहीमवाला, अभ्यासाच्या पुस्तकात जरूर हवी. पण चौकातल्या फलकावर? ज्याने रुग्णालय दिलं त्याच्याच नावाखाली आरोपपत्र लावायचं, हे मला बरं वाटत नाही.

माहीमवाला:
आरोपपत्र नाही हो ताई. पैसा कुठून आला हा शहराच्या इतिहासाचाच भाग आहे. तो गाळला तर उरते ती नुसती आरती.

शहापूरकर:
मोडकांवरून सुरुवात झाली म्हणून लिहितो. तानसा आणि भातसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. माझी आत्या अजून एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन रांगेत असते. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनीही मुंबई घडवली. त्यांची नावं तुमच्या कुठल्या चौकात आहेत?

चौपाटीकर:
@शहापूरकर दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलीला मोडक सांगितले, पण हे सांगितलं नव्हतं. आज रात्री सांगणार आहे.

@गिरगावची लेक, नावाने दार किलकिलं राहतं, हे मान्य. पण मला ते दार ढकलायला चाळीस वर्षं लागली. म्हणून नाव द्या, पण खाली गोष्ट हवीच. स्टेशनबद्दल मात्र माझं मत तेच, बोरीबंदर.

गिरगावची लेक:
आणि माझंही तेच, मुंबई सेंट्रल! गोष्टीचं मान्य. नाना चौकापासून सुरुवात करू.

परळचा पोरगा:
तुमचं स्टेशन ठरेपर्यंत मी १० जूनला आमच्या चाळीच्या फळ्यावर लोखंड्यांवर लिहितोय. पाहिजे तर या, खडू आहे माझ्याकडे.