पद्मदुर्ग नुसती चौकी नव्हती

कुणीतरी म्हटलंय की पद्मदुर्ग, म्हणजे मुरूडजवळ कासा बेटावरचा शिवाजी महाराजांचा किल्ला, ही सिद्दीच्या जंजिऱ्यासमोरची नुसती चौकी. मला हे अजिबात पटत नाही. १६७५ मध्ये महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना पत्रातून चांगलंच खडसावलं, कारण गडाला रसद वेळेवर पोचली नव्हती. राजापुरीच्या (म्हणजे सिद्दीच्या जंजिऱ्याच्या) उरावर दुसरी राजापुरी वसवली आहे, असं ते त्यात सांगतात. चौकीसाठी कुणी इतकं जिवाला लावून घेतं का?

आपण पुणेकर ताम्हिणीतून मुरूडला जातो, जंजिरा बघतो आणि मागे फिरतो. कासा बेटावरचा तट जवळून बघा. लाटांनी दगड आतपर्यंत झिजलेत, सांध्यातला चुना मात्र मधाच्या पोळ्यासारखा तसाच उभा आहे! होडीसाठी भरती-ओहोटीची वेळ तिथल्या कोळ्यांनाच विचारा. पावसाळ्यात बेत आखू नका.