मदत हवी आहे: ‘अन-’ लागलेली इंग्रजी क्रियापदं आठवीला कशी शिकवावीत?

मुलं ‘अनलॉक’चा अर्थ ‘कुलूप न लावणे’ असा लिहितात. विशेषणाला लागलेला ‘अन-’ नकार देतो (अनहॅपी), पण क्रियापदाला लागलेला सहसा झालेली क्रिया उलटवतो. मुळात हे दोन वेगळे उपसर्ग, जुन्या इंग्रजीतले. मराठीत असा उलटवणारा उपसर्ग नाही, स्वतंत्र क्रियापदंच आहेत: बांधणे-सोडणे, शिवणे-उसवणे, गुंडाळणे-उलगडणे. या जोड्यांवरून ‘अनटाय’, ‘अनरोल’ पटकन कळतात.

‘मिस-’ सोपा: क्रिया होते, पण चुकीची (मिसरीड). खरी अडचण ‘डिस-’ची. ‘डिसकनेक्ट’ उलटवतो, ‘डिसओबे’ नाकारतो, आणि ‘डिसलाइक’ म्हणजे नुसतं न आवडणं नव्हे, नावडणं.

‘द डोअर वॉज अनलॉक्ड’मध्ये तर दोन्ही अर्थ निघतात: कुलूप नव्हतं किंवा कुणीतरी उघडलं. हा फरक दाखवणारी आणखी चार-पाच वाक्यं आणि ‘डिस-’साठी मराठी जोड्या सुचवाल का?