मदत हवी आहे: अ‍ॅल्युमिनियम कोटिंग वाकवताना सुटतंय

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. सायलेन्सरच्या २ मिमी पट्ट्या वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये बुडवतो, पण वाकवल्या की पापुद्रे निघतात. एक तुकडा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली पाहिला. स्टीलमध्ये जिभांसारखा घुसलेला जाड थर! दोन अणू लोखंडाचे, पाच अणू अ‍ॅल्युमिनियमचं ते संयुग. कडक, पण ठिसूळ. बाथ (वितळलेल्या धातूचं भांडं) ७२० अंशांवर, पट्टी मिनिटभर आत (पोरं कधी चहाला गेली की जास्तच). ८-१० टक्के सिलिकॉन घातलं की हा थर पातळ राहतो आणि वितळणबिंदूही उतरतो, एवढं माहीत आहे. पण बाथ बदलणं खर्चिक. नुसता वेळ कमी करून भागेल का? किती सेकंद ठेवता? पिंपरी-चाकणकडे मायक्रोहार्डनेस (सूक्ष्म थराच्या कडकपणाची चाचणी) कुठे करून मिळेल?