सल्ला हवा: आईचा पीएम किसानचा हप्ता साइटवर जमा, पासबुकात नाही

लालबागची_लेक: मी लालबागला, आई एकटी खटाव तालुक्यात. वडील गेल्यावर वारस नोंद होऊन सातबारा तिच्या नावावर झाला, पीएम किसानही मंजूर झालं. आधीचे हप्ते नीट आले. 2024 च्या दिवाळीपासून मात्र साइटवर जमा दिसतात, जिल्हा बँकेच्या पासबुकात नोंदच नाही. गावातला एजंट दीड हजार मागतोय. माझ्याकडे 500 रुपये आणि एक शनिवार आहे. काय करू?

घाटावरचा_गडी: ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलं असणार. आमच्या अण्णांचा अंगठाच उठत नव्हता, ऊसतोडीत बोटं झिजलेली. शेवटी पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून काम झालं. आठ दिवस रजा काढून जा, त्याशिवाय काही होत नाही.

दादरच्या_काकू: ई-केवायसीच. आणि फार्मर आयडी काढला का? तो आधी काढा.

ठिबकवाला: दोन हजारांसाठी काय धावता! ठिबकला अर्ज करा. अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान आहे. आमच्या डाळिंबाला बसवलंय, एकदा येऊन बघा. फक्त पूर्वसंमती येण्याआधी नळ्या घेऊ नका. माझ्या भावाने घेतल्या आणि त्याचं बिलच धरलं नाही.

खरं_बोलतो: मुंबईत पगार खाणाऱ्यांच्या घरात हे पैसे जाऊच नयेत.

माणदेशी_ताई: @खरं_बोलतो, नियम वाचा. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 18 वर्षांखालची मुलं. लेकीचा पगार त्यात धरत नाहीत. त्या बाई स्वतः रानात राबतात.

घाटावरचा_गडी: ई-केवायसी बघितलं का?

लालबागची_लेक: दादा, ते झालंय. स्टेटसला हिरवी खूण आहे.

माणदेशी_ताई: मग पैसे दुसऱ्या खात्यात गेलेत. हप्ता आधारला जोडलेल्या खात्यात पडतो, आणि शेवटी जोडलेलं तेच धरतात. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघ, ओटीपी आईच्या मोबाइलवर जाईल. 2024 ला लाडकी बहीणसाठी नवीन खातं काढलं होतं का? आमच्या वाडीत निम्म्या बायकांचं असंच झालंय. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही तिथेच असतील.

लालबागची_लेक: ताई, आत्ताच आईला फोन केला. पोस्टमनने तेव्हा घरी येऊन अंगठा घेतला होता आणि एक कार्ड दिलं होतं. तिने ते देव्हाऱ्यात, वडिलांच्या फोटोमागे ठेवलंय. आधारच्या साइटवरही पोस्टाच्या बँकेचंच नाव आलं. अंगावर काटा आला.

दादरच्या_काकू: पोस्टाचं खातं बंद करा. जिल्हा बँकेत आधार जोडायचा फॉर्म भरा.

घाटावरचा_गडी: काकूंशी सहमत. सगळं एकाच खात्यात हवं. आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, ते बघून जा.

ठिबकवाला: जिल्हा बँकच बरी. अनुदानही तिथेच घ्या.

लालबागची_लेक: सगळ्यांचे आभार. पण मी पोस्टाचंच खातं ठेवतेय. बँक सहा किलोमीटर लांब, एसटी दिवसाला दोनच, आणि आईचे गुडघे गेलेत. पोस्टमन दारात येतो. शुक्रवारी रात्री परळहून निघते. कार्डावर मार्करने 'शेतीचे पैसे' असं मोठ्या अक्षरात लिहून देणार आहे. एजंटला नाही म्हणून कळवलं.