उजनीच्या होडीचं इंजिन: खालचं युनिट घडवून वेग वाढवावा का?

भीमाकाठ
उजनीच्या पाण्यात आमची १६ फुटी फायबरची होडी आहे. तिच्यावर १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागं टांगायचं इंजिन आहे, कोकणातून आणलेलं. तीन माणसं आणि जाळी घेतली की मोबाईलचा जीपीएस ताशी २७ किलोमीटरच्या वर सरकत नाही. पहाटे मासळी काढून भिगवणच्या लिलावाला पोचायचं असतं, दहा मिनिटंसुद्धा मोलाची.

माझं मत ठाम आहे, इंजिनाचं खालचं युनिट, म्हणजे पाण्यात बुडणारा गिअरचा आणि पंख्याचा भाग, घडवून घ्यावं. पंख्यापुढचा गोळा बोथट आहे, त्याला टोकदार नाक बसवायचं. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढायची भोकं त्या नाकाच्या खालच्या अंगाला न्यायची आणि पंख्याखालचं फिन, म्हणजे उभं पातं, घासून पातळ करायचं. रेसच्या बोटींवर हे सर्रास करतात. आपल्या सोलापुरात यंत्रमागाचा तुटका भाग नमुन्यावरून हुबेहूब करून देणारे लेथवाले आहेत, त्यांना एक नाक जड नाही. विरोध असेल तर कारण सांगा. नुसतं "कंपनीनं केलंय तेच बरोबर" म्हणू नका.

लेथ_होटगी_रोड
कारण देतो. टोकदार नाकाचा फायदा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सुरू होतो. त्या वेगाला बोथट गोळ्यावरून पाणी सुटतं, मागे पोकळी होते, पंख्याला पकड मिळत नाही आणि बोट एकदम भरकटते. नाक असतं ते त्यासाठी. २७ च्या वेगाला पाणी गोळ्याला चिकटूनच वाहतं. तिथं नाक लावलं तर पाण्याला घासणारा पृष्ठभाग तेवढा वाढेल, म्हणजे उलट ओढ.

आणि ते बसवणार कसं? ओतीव ॲल्युमिनियमच्या आत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, आर्गॉन वेल्डिंगला त्यात बुडबुडे धरतात. उष्णतेनं बेअरिंगची बैठक हलते, ऑइल सील जळतात. मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं झालं की समजायचं, पाणी आत शिरलं.

आधी एक सांगा, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे किती?

भीमाकाठ
प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर लावून पाहिलं. ४७०० दाखवतं. पंखा १० इंच पिचचा, म्हणजे हिशेबानं एका फेऱ्यात १० इंच पुढे नेणारा. गिअर २.०८ ला एक, इंजिनाचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक.

लेथ_होटगी_रोड
मग गणित करा. ४७०० भागिले २.०८, म्हणजे पंखा मिनिटाला साधारण २२६० फेरे. दर फेऱ्याला १० इंच. तासाचे ३४ किलोमीटर. तुम्हाला २७ मिळतात, म्हणजे पाचवा हिस्सा घसरणीत जातो, अशा भरलेल्या होडीला हे काही वाईट नाही. अडचण वेगळी आहे. पूर्ण थ्रॉटलला या इंजिनाचे आरपीएम ४५०० ते ५५०० च्या दरम्यान असायला हवेत आणि तुमचं तळाशीच गुदमरतंय. ९ पिचचा पंखा लावा, दोनेकशे आरपीएम वर येतील.

पैलतीर
माझं आजोबापासून याच पाण्यावर पोट आहे, म्हणून बोलतो. भोकं खाली नेऊ नका राव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाचा गाळ, बाभळीची खोडं, जुन्या भिंती सगळं वर येतं. कडेला जलपर्णी. खालून पाणी ओढणारं इंजिन पहिल्या आठवड्यात चिखल खातंय बघा. पाणी वर खेचणारा रबरी इंपेलर गेला, इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बंद झाली, की पिस्टन जाम. ते मधोमध झालं आणि वारं सुटलं तर? २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी वाटेवर वादळात बोट उलटली, सहा जीव गेले. बंद इंजिनाची होडी लाटेला आडवी होते. इथं वेगापेक्षा इंजिन चालू राहणं मोठं आहे.

घासकागद
पंख्याचं आणि भोकांचं पटलं, पण म्हणून फिनला हातच लावू नये, असं मला वाटत नाही. जुन्या इंजिनाच्या फिनवर दगडाचे घाव असतात, धार मुडपलेली असते. त्या खड्ड्यांमागून पाणी खळबळत पंख्यावर जातं. कानशीनं धार सरळ करून पॉलिश पेपर मारला तर पकड सुधारते. हे काम घरी बसून होतं, वेल्डिंग लागत नाही.

लेथ_होटगी_रोड
घाव काढा, जाडी काढू नका. खोडावर आपटल्यावर पहिला मार फिनच झेलतं. ते पातळ केलं की तोच मार पंख्यावर आणि शाफ्टवर जातो.

भीमाकाठ
एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. काल होडी काठावर ओढून तळाला सरळ फळी लावली आणि मोजलं. पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळापेक्षा सव्वातीन इंच खाली आहे. इंजिन लाँग शाफ्टचं, २० इंची, आणि आमची मागची फळी १७ च्या आतच.

लेथ_होटगी_रोड
अहो, हेच की! सव्वातीन इंच जाडजूड खांब तुम्ही फुकट पाण्यातून ओढताय. ती प्लेट तळाच्या जवळपास रेषेत पाहिजे. फळीवर सागाची पट्टी ठोकून इंजिन उचला. एका वेळी एक इंच, आणि दर इंचाला चाचणी. वळणावर पंखा हवा खाऊन नुसता गरगरला किंवा पिचकारी बारीक झाली, की अर्धा इंच परत खाली.

भीमाकाठ
आज दोन इंच उचललं. तीच तीन माणसं, तीच जाळी. ३० लागले आणि आरपीएम ४९००. पिचकारी भक्कम आहे. तिसऱ्या इंचाला डाव्या वळणावर पंख्याची पकड सुटली, म्हणून अडीचवर थांबलो. ९ चा पंखा मागवतोय. नाकाचा विचार सोडला. फिनची धार मात्र मी सरळ करणार, घासकागद यांच्या बाजूनं.

पैलतीर
फळीचे बोल्ट आरपार टाका, आतून मोठे वायसर द्या. आणि इंजिनाला साखळी बांधल्याशिवाय पाण्यात उतरू नका.