मदत हवी आहे : पुस्तकांची देवघेव घटली म्हणून वाचनकक्ष अर्धा होतोय, समितीपुढे काय मांडू?

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी अठरा वर्षं आहे, सध्या सहायक ग्रंथपाल. पुढच्या महिन्यात ग्रंथालय समितीची बैठक आहे. वाचनकक्षातल्या १२० खुर्च्यांपैकी ६० काढायच्या, तिथे काचेचे चर्चाकक्ष करायचे आणि जुनी पुस्तकं तळघरात हलवायची, असा प्रस्ताव आलाय. (जुलैत त्या तळघरात भिंतींना ओल येते.) कारण एकच दिलंय, देवघेव घटली. ते खोटं नाही. परवा एका पुस्तकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०१३ चा दिसला. बारकोड आल्यावर शिक्के मारणं थांबलं हे खरं, पण संगणकातही त्यानंतरची नोंद नव्हती.

पण देवघेव एवढंच आमचं काम उरलंय कुठे? यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागू लागली, तेव्हापासून शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंध चढवायचं काम आमच्याकडे आलं. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य १० टक्क्यांवर गेलं की विद्यार्थी रडकुंडीला येतो. मग अवतरणचिन्हं कुठे राहिली, संदर्भ कुठे सुटला, हे त्याच्या शेजारी बसून पानापानावर दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली झाली. ती आपल्याला मिळतात, हेच कित्येक मुलांना अजून ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात एम. ए.च्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी जुन्या छपाईची चाळीस पानं स्कॅन केली. ओसीआरने (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने) घ चा ध, भ चा म सर्रास करून ठेवला होता. दोन दुपारी बसून सगळं हाताने दुरुस्त केलं. एनव्हीडीएवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) ऐकता ऐकता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “मॅडम, इथे परिच्छेद संपला का?” परिच्छेद तोडायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. परत बसले. देवघेवीच्या खात्यात या सगळ्याची नोंद शून्य.

आणि खुर्च्या. एक मुलगा रोज नालासोपाऱ्याहून पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून येतो आणि दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेला असतो. पुस्तकं स्वतःची आणतो, आमचं एकही घेत नाही. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि टीव्ही. त्याला खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असते. असे कितीतरी आहेत. चर्चाकक्षांना माझा विरोध नाही, मुलांना गटाने बसायला जागा लागतेच. पण ती या मुलांच्या खुर्च्या काढून नको.

तर विचारायचंय हे, की बाहेर न जाणाऱ्या पुस्तकांचा आणि नुसतं येऊन बसणाऱ्यांचा वापर तुम्ही कसा मोजता? समितीला आकडे लागतात, माझ्याकडे किस्से आहेत.

प्रतिसाद १
ताई, मी निवृत्त ग्रंथपाल, ठाण्यात असतो. ‘वाचून झालेली पुस्तकं टेबलावरच ठेवा’ अशी पाटी आजच लावा आणि संध्याकाळी कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक पुस्तक स्कॅन करा. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर न दिलेलं पुस्तक परत घेताना स्थानिक वापराची (म्हणजे ग्रंथालयातच वाचल्याची) नोंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे. रोज ठरलेल्या चार वेळी भरलेल्या खुर्च्या मोजा. काउंटरवर वही ठेवा, कुणी काय विचारलं आणि किती मिनिटं गेली ते लिहा. प्रबंध, तपासणी, स्कॅनिंग सगळं त्यात. नॅकच्या (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात रोजची येजा आणि ऑनलाइन लॉगिन दोन्ही विचारलं जायचं, तो जुना अहवालही काढून समितीपुढे ठेवा.

प्रतिसाद २
थोडं वेगळं मत. खुर्च्यांसाठी भांडाच, पण जुन्या पुस्तकांसाठी सरसकट नको. दुबार प्रती, कालबाह्य आवृत्त्या आधी स्वतःच निवडून बाजूला काढा, तेवढ्या जागेत एखादा चर्चाकक्ष बसेल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हटलं, ते केवळ कपाटं वाढवण्यासाठी नव्हे.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. निवडीचं पटलं, पाठ्यपुस्तकांच्या जुन्या आवृत्त्यांपासून सुरुवात करते. पाटी आज सकाळी लावली. दिवसभरात काउंटरवरून १९ पुस्तकं गेली. संध्याकाळी टेबलांवरून गोळा केली ती ४७.