मदत हवी आहे: पांढऱ्या कॉमेट ईव्हीच्या दारांवर वारली स्टिकर, व्हायनल कोणतं घ्यावं आणि कसं लावावं?

पांढरी_कॉमेट:

गाडी एमजी कॉमेट ईव्ही, रंग पांढरा. दोन्ही दारांवर ९० × ५० सेंमीचा गेरू रंगाचा पट्टा आणि त्यात पांढरा तारपा नाच (तारपा या वाद्याभोवती फेर धरून केलेला वारली नाच) हवा आहे. पूर्ण वेटोळं, साधारण ३० आकृत्या, प्रत्येक आकृती ५ सेंमी उंच. समोर लोगोच्या भोवती छोटी झाडं-पक्ष्यांची नक्षी करायचा विचार आहे. गाडी पुण्यात उघड्यावर उभी असते आणि दुपारचं ऊन थेट डाव्या बाजूवर येतं. डाव्या दाराचं डेंटिंग-पेंटिंग होऊन १२ दिवस झालेत. उजवं दार कंपनीच्या मूळ रंगाचं आहे.

रेडियमवाल्याने दोन थर सुचवलेत: खाली गेरू रंगाचं व्हायनल आणि त्यावर पांढऱ्या आकृत्या कापून चिकटवायच्या. हे टिकेल का? साहित्य किती लागेल? चार्जिंगचं सॉकेट लोगोच्या मागे आहे, तर त्या भागात काय सांभाळायचं? आणि आरटीओची काही अडचण येईल का?

रेषाकाम:

दोन थर करू नका. वरच्या पांढऱ्या आकृतीची प्रत्येक कड खालच्या व्हायनलपेक्षा उंच राहते. तिथे धूळ बसते, फडकं अडकतं आणि हात-पाय एकेक करून उचलले जातात. तुमची गाडी पांढरीच आहे, मग पांढरं व्हायनल हवंच कशाला? गेरू रंगाच्या एकाच थरातून आकृत्या कापून काढून टाका. त्या जागी गाडीचा रंग दिसेल आणि तोच तांदळाच्या पिठाचं काम करेल.

पण ही पद्धत ५ सेंमीच्या आकृत्यांना चालणार नाही. नाचणाऱ्यांनी हात गुंफलेले असतात, त्यामुळे दोन शरीरं आणि हात यांच्यामध्ये गेरूची छोटी सुटी बेटं तयार होतात. बेट साधारण १० मिमीपेक्षा लहान असेल तर त्याला धरून ठेवायला पुरेसा गोंदच नसतो. धुण्याच्या पहिल्याच जोरदार फवाऱ्यात ते उडतं. आकृती किमान ११ ते १२ सेंमी उंच ठेवा. हातापायांची रेघ ३ ते ४ मिमी, डोक्याचं वर्तुळ १५ मिमीच्या आसपास. वारली आकृतीत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून येतात. फायलीत ते खरोखर एका बिंदूत भेटले तर दोन्हीकडचा गेरू तिथे केसाएवढ्या धाग्याने जोडला जातो आणि सोलताना फाटतो. कमरेत ३ मिमी रुंदी सोडा, लांबून फरक कळत नाही.

या मापाने ९० सेंमीत आठ-नऊ नाचणारे आणि एक तारपावाला बसतो. वेटोळं बसणार नाही, कमानदार रांग बसेल. मला तरी दारावर तीच जास्त शोभेल असं वाटतं, कारण चालत्या गाडीवर ५ सेंमीच्या आकृत्यांचे नुसते ठिपके दिसतात.

छपाईघर:

वेटोळं हवंच असेल तर कापकामाऐवजी छपाई करून घ्या. पांढऱ्या कास्ट फिल्मवर (द्रव ओतून बनवलेलं, न आकसणारं व्हायनल) फक्त गेरू छापायचा आणि आकृत्यांची जागा कोरी सोडायची, पांढऱ्या शाईची गरज नाही. वरून कास्ट लॅमिनेट, म्हणजे छपाई राखणारा पारदर्शक थर. मग आतल्या कडा राहतच नाहीत, फक्त पट्ट्याची बाहेरची कड सांभाळायची. रेघ दीड मिमीची असली तरी चालते.

इथे दोन गोष्टी बिघडतात. सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईने छापल्यावर प्रिंट किमान २४ तास सैल गुंडाळून उभा ठेवावा लागतो, पावसाळी हवेत ४८ तास. घाईने लॅमिनेट केलं तर शाईतला सॉल्व्हंट आत अडकतो, गोंद मऊ पडतो आणि महिन्याभरात कडा वळतात. दुसरं म्हणजे कास्ट फिल्मवर स्वस्त कॅलेंडर्ड (रोलरमध्ये दाबून बनवलेलं) लॅमिनेट लावणं. वरचा थर आकसतो, खालचा आकसत नाही आणि सगळा पट्टा वाटीसारखा वळतो. दुकानात दोन्ही थर कास्ट आहेत का, ते रोलवरचं लेबल बघून खात्री करा.

छापील गेरू मॅजेंटा आणि पिवळ्या शाईतून तयार होतो, आणि उन्हात सहसा त्याच आधी उतरतात. तुमची डावी बाजू दुपारच्या उन्हात असते म्हणून हे आवर्जून लिहितोय. रंगीत फिल्मचा रंग पूर्ण जाडीत असतो, ती जास्त टिकते. तेव्हा ३० आकृत्या हव्या असतील तर छपाई, आठ-नऊवर समाधान असेल तर रेषाकाम म्हणतात तसं कापकाम.

पांढरी_कॉमेट:

आठ-नऊ आकृत्या चालतील, कापकामच करतो. रेडियमवाल्याकडे ओराकल ६५१ मध्ये जवळचा रंग आहे. ते घेऊ का?

रेषाकाम:

६५१ कॅलेंडर्ड आहे. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून, ताणून बनवतात. तो ताण तिच्या अंगात राहतो आणि ऊन लागलं की ती मूळ मापाकडे आकसते. कडेला गोंदाची काळी रेघ दिसायला लागते ती त्यामुळे. सपाट पाटीसाठी ती चांगली आहे, पण रोज तापणाऱ्या दारावर इतक्या बारीक कापांसाठी नको. कास्ट फिल्म द्रव ओतून सुकवतात, म्हणून तिच्यात ताण नसतो. ओराकल ७५१ किंवा ९७०, थ्रीएम २०८०, एव्हरी सुप्रीम रॅपिंग फिल्म यांपैकी ज्यात गेरूच्या जवळचा मॅट रंग मिळेल ती घ्या. मॅटच घ्या, मातीच्या भिंतीचा भास त्यातच येतो.

किती घ्यायची ते असं: रोलची रुंदी १२२ सेंमी असेल तर ९० सेंमीची बाजू रुंदीत बसवा, म्हणजे एका दाराला ५० सेंमी लांबी लागते. दोन दारांना एक मीटर. एक पट्टा बिघडण्यासाठी धरा आणि दीड मीटर घ्या. ट्रान्सफर टेपही (कापलेलं व्हायनल उचलून दारावर नेणारा चिकट कागद) तेवढाच लागेल. कागदी आणि मध्यम चिकटीचा घ्या, सुटी बेटं तोच जागच्या जागी धरून ठेवतो. शिवाय फेल्टची कड असलेली स्क्वीजी (फिल्म दाबायची पट्टी), मास्किंग टेप, हीट गन, इन्फ्रारेड थर्मामीटर, क्ले बार (रंगावरचा चिकटलेला मळ काढणारी मऊ वडी), आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर आणि धागे न सुटणारी चार-पाच फडकी.

गॅरेजकट्टा:

डाव्या दारावर आत्ता काहीही लावू नका. नव्या रंगातून काही आठवडे सॉल्व्हंट बाहेर पडत असतो. वर फिल्म बसली की तो वायू खाली अडकून मोहरीएवढे फोड येतात, आणि ते टाचणीने टोचून जात नाहीत, पुन्हा भरतात. रंग झाल्यापासून किमान चार आठवडे जाऊ द्या. वर्कशॉपला विचारा की रंग भट्टीत भाजला होता की हवेवर सुकवला. हवेवर सुकवला असेल तर आणखी थांबलेलं बरं. पुढे कधी स्टिकर काढताना या दाराचा रंग सोबत निघण्याचा धोका उजव्यापेक्षा जास्त राहील, हेही लक्षात ठेवा.

उजवं दार आधी करायला हरकत नाही. सकाळी, सावलीत, पत्रा २० ते २८ अंशांत असताना. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा इतका तापतो की गोंद टेकताक्षणी पकडतो आणि मग सरकवता येत नाही.

१. शाम्पूने धुवा, क्ले बार फिरवा. मग दोन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी या मिश्रणाने पुसा. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्याने ते उडून जाण्याआधी टिपायचं. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर नुसत्या पुसण्याने भागणार नाही, तेवढ्या भागावरून कोटिंग पॉलिशने काढावं लागेल.

२. पट्टा मास्किंग टेपने दारावर टांगून जागा ठरवा. दाराच्या कडेपासून ५ मिमी आत राहा. फटीवरून फिल्म नेऊ नका. पट्ट्याचे चारही कोपरे साधारण १० मिमी गोल कापा, टोकदार कोपरा सर्वांत आधी उचलतो.

३. मधोमध उभी टेप लावून पट्टा पक्का करा. अर्धा भाग उलटा, मागचा कागद सोलून मध्यापर्यंत कापा, मग मधून बाहेरच्या दिशेने स्क्वीजी ओढा. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर अर्धी चढवा. मग दुसरी बाजू.

४. ट्रान्सफर टेप स्वतःवरच उलटा दुमडून, पत्र्याला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढा. बेट सोबत येत असेल तर थांबा, टेप परत दाबा, बेट घासा, मग पुढे. सरळ बाहेर खेचलं की बेटं निघालीच.

५. शेवटी सगळ्या कडा हीट गनने कोमट करून पुन्हा दाबा. सपाट भागाला एवढंच पुरतं. फिल्म खोलगट उठावात ताणली असेल तर तो भाग ९० ते ९५ अंशांपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर ती परत वर येते. तापमान थर्मामीटरनेच मोजा. दाराजवळ रबरी पट्टी आणि प्लॅस्टिक आहे, गन एका जागी धरून ठेवू नका.

फिल्मच्या गोंदात हवा जाण्याच्या बारीक नळ्या असतील तर पाणी मारू नका, पाणी त्यांतच अडकतं. नळ्या नसलेली फिल्म असेल तर एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब घालून ओली लावता येते. पण मग ट्रान्सफर टेप काढण्याआधी १५-२० मिनिटं थांबा.

समोरच्या नक्षीबद्दल: लोगोचं झाकण दर चार्जिंगला उघडतं. फटीवर आलेली फिल्म तिथून सुटणारच, शिवाय तिची सोललेली कड झाकणात अडकेल. झाकणाच्या चहूबाजूंनी ५ मिमी मोकळे सोडा. काम करताना चार्जर काढलेला, झाकण बंद आणि हीट गन त्या बाजूला अजिबात नको. खालच्या खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर व्हायनल नीट धरत नाही, तो भाग सोडा. मागच्या बंपरवरचे पार्किंग सेन्सर आणि कॅमेरा झाकू नका. ज्यांच्या गाडीत पुढे रडार आहे त्यांनी बंपरवर क्रोम किंवा धातूचा अंश असलेली फिल्म टाळावी, रडारच्या लहरी तिच्यातून जात नाहीत.

नियमवाचक:

दोन दारांवरच्या पट्ट्याने गाडीचा मूळ रंग बदलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करण्याबद्दल आहे. रंग हा नोंदणी पुस्तकातला तपशील आहे, म्हणून पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचं रॅप करायचं असेल तर आधी आरटीओत नोंद करून घ्या. हिरव्या नंबरप्लेटवर ठिपकासुद्धा नको. काचा, दिवे, रिफ्लेक्टर मोकळे ठेवा. धंद्याचं नाव किंवा फोन नंबर टाकायचा असेल तर ती जाहिरात ठरते, त्यासाठी आरटीओत वेगळं विचारा.

तारपा_डहाणू:

डिझाइन इंटरनेटवरून उचलू नका. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि डहाणू, जव्हार, विक्रमगड भागातले चित्रकार मागणीप्रमाणे रेखाटून देतात. त्यांना ९० × ५० हे माप, ४ मिमी रेघ आणि बेटांची अट आधीच सांगा, म्हणजे आकृत्यांमधली अंतरं तेच नीट बांधतील. प्लॉटरवाल्याने (व्हायनल कापणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्याने) कागदावरच्या चित्राचं संगणकावर आपोआप ट्रेसिंग केलं तर हाताच्या रेषेचे शंभर बारीक दाते तयार होतात आणि प्रत्येक दात्यावर ब्लेड अडखळतं. ट्रेसिंगनंतर रेषेवरचे बिंदू कमी करायला सांगा, पण रेषेतलं हाताचं वळण पूर्ण घोटून गुळगुळीत करू देऊ नका.

आणि एक विनंती. लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो दारावर घेऊ नका. तो पूजेचा आहे. रस्त्याचा चिखल उडतो त्या उंचीवर तो नको. नाच, शेती, झाडं, पक्षी खुशाल घ्या.

पांढरी_कॉमेट:

मनापासून आभार. चौक नाही घेणार. उजवं दार आधी करतो, डावं चार आठवडे झाल्यावर. धुण्याचं काय?

गॅरेजकट्टा:

पहिले ४८ तास पाणी नको, तीन दिवस जेट नको. नंतरही जेटची नळी पत्र्यापासून किमान ३० सेंमी दूर आणि पत्र्याला काटकोनात धरायची, कडेखाली तिरका फवारा नको. सर्व्हिसला देताना जॉबकार्डवर 'दारांवर जेट मारू नये' असं लिहूनच घ्या. कापलेल्या रेघांत साचलेली धूळ मऊ ब्रशने, रेघेच्या दिशेने काढा. काढायची वेळ येईल तेव्हा ५०-६० अंशांपर्यंत गरम करून, पत्र्याला लागून, सावकाश ओढा. राहिलेला गोंद अल्कोहोलने निघतो, थिनर लावू नका.

रेषाकाम:

दोन्ही दारांचं व्हायनल आत्ताच, एकाच रोलमधून कापून घ्या. महिन्याने दुसरा लॉट आला तर गेरूची छटा जुळेलच असं नाही. डाव्या दाराचा पट्टा दुमडू नका, सैल गुंडाळून सावलीत ठेवा. रोलच्या बाजूला ३२ सेंमी रुंद आणि दीड मीटर लांब पट्टी उरेल, तीही जपा. दोन वर्षांनी एखादं बेट उडालं तर त्याच पट्टीतून कापून बसवता येईल.